बैठक

आमच्या गावात खुर्ची पाव्हण्यासाठी असायची. घरचं माणूस बसायचं ते उकिडवं. तळपाय जमिनीला सपाट, टाचा टेकलेल्या, गुडघे छातीजवळ आणि हात गुडघ्यांवरून सोडलेले. म्हशीची धार काढायची ती तसं बसून, चरवी दोन गुडघ्यांत धरून. चुलीत जाळ सारायचा तोही तसाच. उसातली भांगलण, नदीवरचं धुणं, भुईमुगाच्या शेंगा तोडणं, पारावर बसून सोसायटीच्या निवडणुकीचा खल करणं आणि पहाटे टमरेल घेऊन पांदीला जाणं, सगळं उकिडवं. जेवायला तेवढी मांडी. मुंबईचा मामा सुट्टीला यायचा, त्याला असं पाच मिनिटंसुद्धा बसता यायचं नाही. त्याच्या टाचा उचलायच्या आणि तो मागं कलंडायचा. आम्ही पोरं हसायचो. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं बसता येत नाही, याचं आम्हाला नवल वाटायचं.

गाव आमचं शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. काळी रानं, ऊस आणि उसातली कधी न संपणारी भांगलण. आई आमच्या दीड एकरात भांगलायची आणि ते झालं की दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जायची. बायका ओळीनं पात धरायच्या. हातात खुरपं, कमरेला पदर खोचलेला, आणि बसल्या बसल्याच बदकासारखं एकेक पाऊल पुढं सरकायचं. पात संपेपर्यंत उठायचं नाही. उठलं की मागं पडलं, आणि मागं पडलं की रानमालकाच्या नजरेत आलं. दुपारची भाकरी सोडली तर सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत असंच. परतताना डोक्यावर वैरणीचा भारा, आणि घरी आल्यावर चुलीपुढं परत तेच बसणं. पन्नाशी ओलांडली आणि तिचे गुडघे कुरकुरायला लागले. आधी जिना चढताना, मग सकाळी अंथरुणातून उठताना. मग एक दिवस परसातल्या संडासातून तिच्या हाका ऐकू आल्या. बसली होती, उठता येत नव्हतं.

2019 च्या ऑगस्टात महापूर आला, तेव्हा आम्ही सगळे आठवडाभर एका शाळेत मुक्कामाला होतो. तिथले संडास खाली बसायचे. आईनं पहिले दोन दिवस पाणीच पिणं सोडलं होतं आणि आम्हा पुरुष माणसांच्या ते ध्यानातही आलं नाही. आलं ते धाकट्या भावाच्या पोरीच्या. अकरा वर्षांची होती ती. आज्जीला घेऊन जायची, दार लोटून आत उभी राहायची आणि काखेत हात घालून तिला उठवायची. दिवसातून चारदा, पाचदा. आई नंतर सगळ्यांना सांगायची, "पोरगी न्हवं ह्यी, माजी काठी हाय."

त्याच पोरीनं 2022 साली टीव्हीवर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धा बघितल्या. सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो वजनी गटात 248 किलो उचलून रौप्य आणलं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं पदक, आणि सोनं हुकलं ते एका किलोनं. वडिलांची पानाची टपरी असलेलं, आमच्याच वाऱ्यापाण्यातलं पोरगं. वेटलिफ्टिंग आमच्या भागाला तसं नवं नव्हतं. 2014 ला ग्लासगोला कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी कांस्यपदकं आणली होती, तेव्हा तालुक्यात केवढा जल्लोष झाला होता. पण तोवर ही पोरांची कामं असं घरात सगळ्यांनी धरलेलं. सिडनीला 2000 साली मल्लेश्वरीनं बायकांमधून भारताला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं ते याच खेळात, हे आमच्या घरात फक्त या पोरीला माहीत होतं. तिनं मनात घेतलं आणि कुरुंदवाडला जायला लागली. सकाळी सायकलनं जायची, तिथून परस्पर शाळा.

लोखंड उचलायचं म्हणजे ते वर ओढायचं, असं आपल्याला वाटतं. तिथं जाऊन बघितल्यावर मला कळलं की निम्मं काम बसण्याचं आहे. लोखंड जेमतेम कमरेच्या वर आलं की उचलणारा त्याच्या खाली घुसतो, मांड्या पोटऱ्यांवर टेकेपर्यंत पार खाली बसतो, आणि मग तिथून उभा राहतो. स्नॅचमध्ये लोखंड दोन्ही हातांत डोक्यावर असतं, क्लीनमध्ये खांद्यावर. जितकं खाली बसता येईल तितकं लोखंड कमी उंच ओढावं लागतं. म्हणून रोजच्या सरावात स्क्वॉट हवाच. आपली बैठकच ती, फक्त खांद्यावर लोखंड घेऊन. पोरीला पहिले काही महिने नुसती लाकडी काठी दिली होती. काठी डोक्यावर धरून बसायचं आणि उठायचं. भावानं मला विचारलं, "अण्णा, ह्येची फी भरालोय काय आपण?"

काठीवरून ती बायकांच्या पंधरा किलोच्या बारवर आली, मग त्याला प्लेटा लागल्या. एकदा आईला घेऊन मी बघायला गेलो. आई भिंतीकडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. पोरीनं खांद्यावर बार घेतला, दम भरला आणि बसली. पार खाली. मांड्यांच्या मागं पोटऱ्या दबल्या, गुडघे बोटांच्या पुढं गेले, आणि तिथून ती तोंड लाल करून उठली. परत बसली, परत उठली. आई काही बोलली नाही. वाटेत नरसोबाच्या वाडीला दर्शन घेतलं तिथंही गप्पच. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "बंद करा ह्ये."

भाऊ म्हणाला, "का गं?"

"मी जलमभर बसलो. बसून बसून माजं गुडघं गेलं. आता ह्यी पोरगी लोकंड घिऊन बसालीया. उद्या तिला कोण उठवणार?"

(आमच्याकडच्या बायका 'बसलो, आलो, गेलो' असंच बोलतात. पुण्याच्या लोकांना ते कानाला लागतं. लागू दे.)

आणि नेमका त्याच आठवड्यात पुण्याहून आक्काचा फोन. आक्का तिथं जिमला जाते. तिथल्या शिकवणाऱ्यानं तिला ठाम सांगितलेलं, मांडी जमिनीला समांतर झाली की थांबायचं, गुडघ्यात काटकोन झाला की बास. त्याच्या खाली गेलं की गुडघ्याचे पट्टे सैल होतात. "पोरीच्या लग्नाचं तरी बघा," आक्का म्हणाली. म्हणजे रानात भांगललेली आई आणि वातानुकूलित जिममध्ये घाम गाळणारी आक्का, या दोघींचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. भाऊ घाबरला. पोरगी कोपऱ्यात बसून मोबाईलकडं बघत होती, पण बोटं हलत नव्हती. भाऊ मला म्हणाला, "अण्णा, तूच सांग काय करायचं ते."

मला एकदम सांगता आलं नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढं आईचे गुडघे होते तशी तालीमही होती.

आठवी ते अकरावी मी तालमीत झोपायला असायचो. आमच्याकडं तेव्हा प्रत्येक घरातलं एखादं तरी पोरगं तालमीत असायचंच. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं ती गोष्ट वस्ताद रोज एकदा तरी सांगायचे, आणि कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्त्या बघायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं जाणं ही आमची दिवाळी. पहाटे चारला उठून हौद उकरायचा, मग जोर, मग बैठका. नवख्याला पन्नास, मग शंभर. मुरलेल्या पैलवानांच्या पाचशे आणि हजार. गामा पैलवान रोज पाच हजार मारायचा असं सांगतात. मोजायला कोण बसलं होतं कुणास ठाऊक. पण हजाराचे गडी मी स्वतः पाहिलेत, आणि त्यांच्या पायाखाली घामाचं थारोळं साचलेलंही पाहिलंय.

तालमीतली बैठक म्हणजे पूर्ण खाली. बूड टाचांना टेकणार, टाचा जमिनीवरून सुटणार, गुडघे बोटांच्या कितीतरी पुढं जाणार, आणि हातांचा झोका घेऊन वर. आक्काच्या शिकवणाऱ्यानं बघितली असती तर हाय खाल्ली असती. काटकोनात थांबलेल्या बैठकीला वस्ताद बैठक म्हणतच नव्हते, "चोर बैठक" म्हणायचे आणि ती मोजायचे नाहीत. मात्र एका गोष्टीला ते फार जपायचे. पोरगं खाली जाताना धपकन सुटलं आणि टाचांवर आदळून चेंडूसारखं उसळलं, की त्यांची छडी पोटरीवर बसायची. "बसायचं, पडायचं न्हाई," म्हणायचे. नव्या पोराला एकदम आकडा वाढवू द्यायचे नाहीत. चढाओढीत कुणी शंभरावरून तीनशेवर गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याला नुसती माती ओढायला लावायचे.

त्या तालमीतले गडी आज साठी-पासष्टीचे आहेत. गुडघ्यानं गेलेले त्यांत आहेत, नाहीत असं नाही. पण एकेकाचा हिशोब मांडला तर कुणाचा गुडघा पट काढताना पिळवटला होता, कुणी मोटारसायकलवरून पडलेला, कुणी कुस्ती सोडल्यावर खुराक तोच ठेवून एकशेवीस किलोला पोचलेला. नुसत्या बैठकांनी गेला असा मला दाखवता आला नाही. अर्थात आठ-दहा माणसांचा हिशोब, तोही मी ओट्यावर बसून मांडलेला. त्यावर पोरीचे गुडघे लावायचे का? म्हणून मी मिरजेला गेलो.

माझ्याबरोबर शाळेत असलेला एकजण तिथं हाडांचा डॉक्टर आहे. रविवारी दवाखाना बंद असताना त्याच्या घरी गेलो. त्यानं प्लॅस्टिकचा गुडघा टेबलावर ठेवला आणि तासभर समजावलं. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

जुन्या विहिरीवरची मोट आठवा. नाडा चाकावरून जातो. गुडघ्याची वाटी म्हणजे ते चाक आणि मांडीच्या स्नायूचा पट्टा म्हणजे तो नाडा. पाय सरळ असताना नाडा जवळजवळ सरळच असतो, चाकावर दाब कमी. गुडघा दुमडत जाईल तसा नाडा वाकतो आणि वाटी मागच्या हाडावर जोरानं दाबली जाते. काटकोनाच्या आसपास हा दाब सगळ्यांत मोठा. इथवर आक्काचा शिकवणारा बरोबर आहे. पण याच्याही खाली गेलं की दाब तसाच चढत जाईल, हा त्याचा अंदाज चुकतो. खाली गेल्यावर नाडा नुसत्या चाकावर राहत नाही, तो विहिरीच्या काठच्या दगडावरही टेकतो. म्हणजे स्नायूचा पट्टा स्वतःच मांडीच्या हाडावर टेकतो आणि वाटीवरचा भार वाटला जातो. शिवाय पार खाली मांडीची मागची बाजू पोटरीवर बसते, ती थोडा भार उचलते. सांध्याच्या आत पुढचा जो पट्टा असतो, खेळाडूंचा तुटतो तो, त्याच्यावरचा ताण तर गुडघा थोडासाच वाकलेला असताना, सुरुवातीच्या पंधरा ते तीस अंशांत जास्त असतो आणि खोल जाईल तसा कमी होतो.

"मग काटकोनात थांबणं सुरक्षित कसं?" मी विचारलं.

"तेच तर म्हणतोय. जिथं वाटीवर दाब जास्त, तिथंच लोक ब्रेक मारतात आणि तिथूनच उलटे फिरतात. आणि दुसरं बघ. अर्धंच बसायचं म्हटलं की माणसाला वजन जास्त पेलतं. जो साठ किलो घेऊन पार खाली बसतो, तोच अर्ध्यावर शंभर घेईल. ते जास्तीचे चाळीस किलो गुडघा आणि मणका दोघांच्या बोकांडी."

मग ही काटकोनाची भीती आली कुठून? तीही त्यानं सांगितली. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात कार्ल क्लाईन नावाचा गृहस्थ होता. 1961 मध्ये त्यानं वजन उचलणाऱ्यांचे गुडघे तपासून छापलं, की खोल स्क्वॉट मारणाऱ्यांचे सांध्याचे पट्टे सैल पडतात. त्यासाठी त्यानं स्वतः एक यंत्र बनवलं होतं. बातमी मोठी झाली. शाळा-कॉलेजांतले, सैन्यातले व्यायाम बदलले, आणि पुस्तकापुस्तकांतून काटकोनाची रेघ पक्की झाली. नंतरच्यांनी मोजलं तेव्हा मात्र तो सैलपणा काही सापडेना. 1989 मध्ये चँडलर, विल्सन आणि स्टोन या तिघांनी आठ आठवडे स्क्वॉट करवून घेऊन गुडघे आधी आणि नंतर तपासले, तर पट्ट्यांत फरक नाही. 2013 मध्ये हार्टमन आणि त्याच्या जोडीदारांनी तोवरचं सगळं संशोधन एकत्र तपासलं. त्यांचाही निष्कर्ष हाच, की पद्धत नीट असेल आणि वजन हळूहळू वाढवलं असेल तर खोल बसण्यानं निरोगी गुडघ्याचा धोका वाढत नाही. उलट अवाढव्य वजन घेऊन अर्धवट बसण्याबद्दलच त्यांनी काळजी दाखवली आहे. साठ वर्षांपूर्वी टेक्सासात ओढलेली रेघ पुण्याच्या जिमपर्यंत आली आणि पुण्याहून फोननं आमच्या सोप्यात. कुस्तीच्या मुलखात ती आम्हाला परक्यानं शिकवावी, याची मला थोडी गंमत वाटली आणि थोडा रागही आला.

डॉक्टरनं 'निरोगी' या शब्दावर बोट ठेवलं होतं, ते इथं सांगायला हवं. ज्याच्या सांध्यातली गादी फाटली आहे, मागचा पट्टा तुटला आहे, ज्याची वाटी आधीच दुखते, त्यानं खोल जायचं का आणि किती, हे तपासल्याशिवाय ठरवू नये. घोटा आखडलेला असेल तर टाचा उचलतात, कंबर आत वळते. अशा माणसानं आधी घोटा सोडवावा. उठताना गुडघे आत एकमेकांकडं झुकायला लागले तर वजन कमी करावं. आणि तळाशी आदळून उसळायचं नाही. हे शेवटचं ऐकताना माझी पोटरी चुरचुरली.

गुडघा बोटांच्या पुढं जाऊ द्यायचा नाही, हाही एक नियम आक्कानं सांगितला होता. तसा तो अडवून धरला तर गुडघ्यावरचा ताण थोडा कमी होतो, पण माणूस पुढं वाकतो आणि तोच ताण कंबरेवर जातो. घरातली कटकट शेजारच्या घरी नेऊन सोडल्यासारखं.

आता राहिली आई. तिच्या गुडघ्यांचं काय? ती तर पार खालीच बसत होती, आणि खांद्यावर लोखंडही नव्हतं.

याचं उत्तर डॉक्टरकडं होतं आणि ते ऐकायला मला जड गेलं. चीनमध्ये बीजिंगला म्हाताऱ्या माणसांचा मोठा अभ्यास झालाय, 2004 मध्ये छापून आलेला. तिथंही आपल्यासारखंच उकिडवं बसायची पद्धत. तरुणपणी दिवसातले तीन-तीन तास आणि त्याहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज इतरांपेक्षा जास्त आढळली. त्यातही बायकांमध्ये. हाडांच्या टोकावर गुळगुळीत अस्तर असतं, त्याला रक्तवाहिन्या नसतात. त्याचं पोषण होतं ते दाबलं जाण्यानं आणि मोकळं सुटण्यानं, स्पंज पिळून सोडावा तसं. बैठक मारणारा दाबतो आणि सोडतो. पोरगी पाच वेळा बसते आणि उठते, मग तीन मिनिटं घाम पुसत हिंडते, मग परत पाच वेळा. तिच्या सगळ्या सकाळीतलं खाली घालवलेलं प्रत्यक्ष अंग मोजलं तर दोन-चार मिनिटांवर भरत नाही. आई खाली बसली की पात संपेपर्यंत खालीच. त्यावर डोक्यावरचे भारे, चार बाळंतपणं, बाळंतपणानंतर महिन्यातच रानात, आणि ताटात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. सगळ्याचा दोष एकट्या बसण्यावर टाकता येत नाही, आणि बसण्याला पूर्ण सोडूनही देता येत नाही.

घरी येऊन मी आईपुढं बसलो. विहीर, नाडा, चाक सगळं सांगितलं. मोटेचं तिला लगेच कळलं, तिचे वडील मोट हाकायचे. मग मी म्हटलं, "बसण्यानं न्हाई गं गेलं तुजं गुडघं. बसून ऱ्हाण्यानं गेलं. ह्यी बसती आणि लगेच उटती."

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग आमाला उटू का दिलं न्हाई?"

भाऊ उठून बाहेर गेला. मीही काही बोललो नाही. आमच्या स्वतःच्या रानातसुद्धा पात संपेपर्यंत उठायचं नाही, हा नियम आमच्या वडिलांचाच होता.

दुसऱ्या दिवशी पोरगी सकाळी सायकल काढत होती. आई सोप्यातनं म्हणाली, "हळू बस गं." परवानगी म्हणाल तर एवढीच.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गेल्या वर्षी स्पर्धा जवळ आली म्हणून सरावाचे दिवसही वाढले आणि वजनही वाढलं, आणि पोरीचा उजवा गुडघा वाटीच्या खाली दुखायला लागला. आठ दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. आज्जीच्या मात्र लगेच ध्यानात आलं. पायरी उतरताना पोरगी कुठला पाय आधी टाकते, हे ती बघत बसलेली असते. शिकवणाऱ्यांनी खोली कमी केली नाही, वजन कमी केलं. जवळजवळ निम्म्यावर आणलं, आणि खाली जाताना चार आकडे मोजायला लावले, एक, दोन, तीन, चार. सहा-सात आठवड्यांनी दुखणं गेलं. ती स्पर्धा हुकली. दोन दिवस पोरगी जेवली नाही धड. आता परत पहिल्या वजनावर आली आहे, आणि घाई झाली की स्वतःच स्वतःला आवरते, असं तिचे शिकवणारे सांगतात. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. सतरा वर्षांचं पोरगं स्वतःला आवरतं, हे मी तालमीत कधी बघितलं नाही.

आईला मिरजेच्या मित्रानं एक व्यायाम दिलाय. उंच खुर्चीत बसायचं, हात छातीशी घ्यायचे, उभं राहायचं, परत सावकाश बसायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. गुडघा झिजलेला असला तरी मांडीत जोर आला की दुखणं कमी होतं, म्हणाला. पहिले पंधरा दिवस तिला चारच्या वर होईनात. पोरगी समोर उभी राहून मोजायची आणि खुर्चीत धपकन पडलं की तो धरायची नाही. "आज्जी, ह्यो नो लिफ्ट," म्हणायची. आईला वाटायचं, पोरगी काहीतरी वंगाळ बोलतीय. आता दहा होतात. परसातल्या संडासात आम्ही कमोड बसवलाय तो काढलेला नाही, आणि ती उकिडवी परत बसेल असंही नाही. पण उठताना हाका मारत नाही.

दिवाळीच्या आधी पोरीनं वेटलिफ्टिंगचे बूट मागवले. टाच उंच आणि दगडासारखी टणक, तळवा सपाट. आईनं एक बूट हातात घेतला, उलटा केला, अंगठ्यानं टाच दाबून बघितली. दबली नाही.

"आमी नदीला धुण्याच्या दगडावर टाच आशीच वर ठिऊन बसायचो," म्हणाली. "मग मागं पडाय हुत न्हाई. ह्येला किती पडलं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि निम्मीच किंमत सांगितली.